भिंतीबाहेरची जागा

"हात लावू नका त्याले! हरण्या नही शे तो. थंडीनी पिवळी पडनी ती," धुरपदाबाई बांधावरून ओरडली.

रुपचंदने ऐकलं नाही. ऐकणं हा त्याच्या अंगचा गुणच नव्हता. कांदेबागेतलं, म्हणजे ऑक्टोबरात लावलेल्या केळीतलं, गुडघ्याएवढं रोप त्याने बुडाशी धरलं, मुळासकट उपसलं, आणि शेजारच्या रोपाला पान घासू नये म्हणून छातीशी धरून ओळीबाहेर नेलं. बांधापलीकडे खड्डा खणून ठेवला होता. त्यात तसली बरीच रोपं आधीच आडवी पडली होती. हरण्या म्हणजे केळीचा असाध्य रोग. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटायचं आणि गाडायचं, दुसरा इलाज नाही. पण जानेवारीच्या कडाक्यात चांगली रोपंही पिवळी पडतात, हे सातपुड्याच्या पायथ्याशी केळी लावणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. रुपचंदलाही होतं.

"आन थंडीच व्हई ते? उपटेल झाड परत लागस का?" धुरपदाबाईने विचारलं.

"शंकाना झाडपेक्षा खड्डा बरा," तो म्हणाला आणि पुढच्या रोपाकडे वळला.

हे वाक्य त्याने फक्त केळीसाठी राखून ठेवलं असतं तर धुरपदाबाईचा जन्म जरा सुखाचा गेला असता. पण रुपचंद चोपड्याकडच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मोठा पंच होता, आणि माणसांकडेही तो बागेकडे पाहावं तसाच पाहायचा. कोण खरं पीक, कोण तण, कोण नुसता पाला आणि कोणाला घड धरणार, हे त्याला उपासनेला बसल्या जागेवरून दिसायचं. वना नावाच्या एकाने दारू प्यायली, काढा बाहेर. एकीने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या पितरांसाठी घागर भरली, काढा बाहेर. पाळक येत, चार-पाच वर्षं राहत आणि बदलून जात. रुपचंद मात्र तिथेच असे, एका हातात शास्त्र आणि दुसऱ्या हातात खुरपं घेतल्यासारखा. गावातले बाकीचे लोक या मंडळीला 'सायबाचे' म्हणत आणि लग्नाकार्यात लांबच्या पंगतीला बसवत. बाहेरून असा मार खाणाऱ्या माणसांनी आत तरी एकमेकांना धरून राहावं की नाही? पण नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ रुपचंदच्या रूपाने देवळात पहिल्या रांगेत बसलेला असायचा.

सहा वर्षांपूर्वी त्याने पोटची पोर उपटली. दिपमाला शिकायला जळगावला होती, पिंप्राळ्यात प्रमिलाबाई नावाच्या लांबच्या मावशीकडे. नर्स झाली, आणि दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या बुद्धभूषणशी तिने लग्न केलं. मुलगा बौद्ध घरचा. शांत, निर्व्यसनी, सासूला फोन केला की आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी करणारा. पण मंडळीबाहेरचा. रुपचंदने भर उपासनेत उभं राहून मुलीचं नाव उच्चारलं आणि आजपासून ती आपली नाही असं सांगितलं. आवाज जराही हलला नाही. लोक म्हणाले, याला म्हणतात पंच! धुरपदाबाईच्या मनात त्या दिवशी जे आलं ते देवळात बोलण्यासारखं नव्हतं.

बाहेर काढलेल्या माणसाला प्रभुभोजनाचं ताट नाही, हे एक वेळ सोसलं असतं. पण मंडळीचा दुसरा नियम जास्त कठोर होता. बाहेर काढलेल्याने कबरस्तानाच्या भिंतीच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि तसाच मेला तर त्याला पुरायचंही भिंतीबाहेर, नाल्याच्या अंगाला. मंडळीतल्या माणसाने तिकडे जायचं नाही. मागल्या वर्षी रुपचंदची आई गेली तेव्हा दिपमाला दीपनगरहून धावत आली होती. आजीने तिला अंगाखांद्यावर वाढवलेलं. ती भिंतीबाहेर उभी राहिली, मुठीत माती घेऊन. आत सगळ्यांनी माती लोटली, कबर भरली, लोक परतले, आणि पोर मूठ आवळूनच मोटरसायकलवर बसली. धुरपदाबाईने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. आपल्या मातीलाही ही पोर अशीच भिंतीबाहेर उभी राहणार का?

म्हणून तिने ठरवलं की फेब्रुवारीतल्या कापणीच्या सणाच्या आत दिपमाला मंडळीत परत आली पाहिजे. सणाला प्रत्येक घर आपल्या रानातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं, मग प्रभुभोजन होतं. आदल्या शनिवारी पंचांची सभा भरते. त्या सभेत विषय निघायला हवा होता.

नवे पाळक प्रेमराज तरुण होते, साक्रीकडचे. धुरपदाबाई त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही, मावशी. पण पंचांनी हो म्हणायला पाहिजे. रुपचंदभाऊ..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

पंच दोनच, रुपचंद आणि वना. हो, तोच वना. दारू सोडून, सगळ्यांसमोर रडून तो परत आला होता आणि आता इतका कडक झाला होता की जणू दारूचा शोध दुसऱ्या कोणी लावला. एकाने जरी हात वर केला तरी पाळक आपलं मत घालू शकत होते. धुरपदाबाईने शुक्रवारी वनाला जेवायला बोलावलं. रुपचंद केळीच्या गाडीबरोबर सावद्याला गेला होता. तिने कळण्याची भाकरी केली, वांग्याचं भरीत केलं, वर मिरचीचा ठेचा.

"वना भाऊ, मंडळीनी तुम्हले भाईर काढं व्हतं, तवय तुमना घर भाकर कोनी धाडी?"

"तुम्हीच धाडी, वहिनी." वनाचा घास हातातच राहिला. "भुलेल नही मी."

"भाईर काढेल मानूससंगे जेवानं नही, असा नियम व्हता. तरी धाडी."

"व्हती ना धाडी."

"मग उद्या हात वर करा. मनी पोटनी आंडेर शे ती."

वनाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तो खाली ठेवला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. ठेच्याने की कशाने, कोण जाणे. "करसू, वहिनी. तुमनं मीठ खायेल शे."

शनिवारी सभा भरली. देवळातच, सतरंजीवर. बायकांनी बोलायची पद्धत नव्हती, पण ऐकायला बसायला हरकत नव्हती. पाळकांनी घसा साफ करून विषय मांडला. दिपमालाताईंची परत येण्याची इच्छा आहे, त्यांनी श्रद्धा सोडलेली नाही, पंचांनी विचार करावा.

"तिना नवरा मंडळीमा यी का?" रुपचंदने विचारलं.

"त्यांचा तसा विचार नाही. पण त्यांची आडकाठीही नाही," पाळक म्हणाले.

"मग विषय संपना." रुपचंद उभा राहिला. "बागमा एक झाडले हरण्या लागना, आन आपीन म्हनं, जाऊ द्या, आपलंच झाड शे, तर काय व्हई? बठ्ठी बाग जाई. आज मनी पोर लिधी, उद्या तुमनी पोर म्हनी, मालेबी तसंच करनं शे. मी आज सकाय बी झाडे उपटी उनू. माले काय आनंद व्हस का?"

आनंद होत नसेलही. पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं, असं धुरपदाबाईला वाटलं आणि तिचा तोल गेला. तिला अक्षरओळख नव्हती, पण आयुष्यभर ऐकून ऐकून शास्त्रातले दृष्टांत तोंडपाठ होते, गव्हाचा आणि तणाचाही. बसल्या जागेवरूनच ती म्हणाली, "मालकनी नोकरेसले काय सांगं? गहूमाधलं निदन उपटू नका. निदनसंगे गहूबी उपटाई जाई. कापनीलगून दोन्हीसले वाढू द्या. असंच सांगेल शे ना?"

पाळकांच्या चेहऱ्यावर आशेचं काहीतरी उमटलं.

रुपचंदने बायकोकडे पाहिलंही नाही. "ते वावर म्हनजे जग शे. मंडळी नही. मालकनी सोता तसा अर्थ सांगेल शे. इचारा पाळकसायेबले."

पाळकांनी मान खाली घातली. तसंच लिहिलेलं होतं. वैताग याचाच होता, की माणूस बरोबर होता. शास्त्राच्या वादात रुपचंद कधी हरला नव्हता, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून धुरपदाबाई त्याच्यापुढे कधी जिंकली नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडा निदान गप्प तरी बसतो. हा उलट उत्तर देत होता, तेही खरं.

"कोणाला अनुकूल मत द्यायचं आहे?" पाळकांनी विचारलं. विचारताना ते वनाकडे बघत होते. धुरपदाबाईही बघत होती. वनाचा हात वर गेला. कानापर्यंत गेला. मग त्याने कान खाजवला आणि हात मांडीवर परत आणला.

घरी जाताना वना तिला वाटेत गाठून म्हणाला, "वहिनी, मी..."

"भरीत पचनं का?" तिने विचारलं आणि चालू लागली.

दिपमालाला तिने फोनवर काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी मोटरसायकल देवळाच्या अंगणात थांबली तेव्हा सांगावंच लागलं.

"नही म्हने तुना बाप."

"माले वाटनंच व्हतं," दिपमाला म्हणाली. तिने पांढरी साडी नेसली होती, सणाची. पिशवीत क्वार्टरच्या मागे लावलेल्या पपईच्या झाडाची दोन फळं होती. "बसू तर देतीन ना?"

बसायला कोणाची ना नव्हती. देव सगळ्यांना ऐकू येतो, असं रुपचंदच म्हणायचा. बुद्धभूषण बाहेर निंबाखाली थांबला. सासरा समोरून आला तेव्हा त्याने हात जोडून जयभीम केला. रुपचंदने निंबाच्या शेंड्याकडे पाहिलं, जणू तिथे घड लागला होता.

दिपमाला सगळ्यात मागे, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसली. धुरपदाबाईची जागा पुढे, पंचाच्या बायकोची. घराघरांची नावं पुकारली गेली. दादर ज्वारीचं कणीस आलं, हरभऱ्याचे घाटे आले, कापूस आला, कोणाच्या कोंबडीची अंडी आली. रुपचंदच्या घराचा घड नेहमीसारखा सगळ्यात मोठा होता. दिपमालाचं घर कोणी पुकारलं नाही. पपया पिशवीतच राहिल्या.

मग प्रभुभोजनाची वेळ झाली. पुरुषांच्या बाजूला ताट घेऊन वना फिरायचा, बायकांच्या बाजूला रुपचंद. गाणं सुरू झालं तशी धुरपदाबाई उठली. लोकांना वाटलं बाहेर जातेय. ती मागे गेली, चपला पायाने बाजूला सारल्या आणि मुलीच्या शेजारी बसली.

रुपचंद रांगेरांगेने मागे आला. भाकरीच्या तुकड्यांचं ताट दिपमालापुढे येताच त्याने ते उचललं, तिच्या डोक्यावरून पलीकडे नेलं आणि बायकोपुढे धरलं. एवढंच. पण ते ताट पोरीच्या डोक्यावरून जाताना धुरपदाबाईने पाहिलं, आणि हात मांडीवर घट्ट ठेवले.

"घे," तो हळूच म्हणाला.

"नको."

रुपचंदच्या कपाळाची शीर उठली. आजारी नसताना ताट नाकारणं म्हणजे मंडळी नाकारणं, हा नियम त्यानेच घातला होता. काही घरं दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जाऊ लागली तेव्हा, त्यांना वठणीवर आणायला. ताट नाकारणाऱ्याचं नाव पुढच्या रविवारी पुकारून त्याला बाहेर काढायचं.

तो वाकला. "तब्येत बरी नही का?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला पळवाट दाखवली होती.

"तब्येतले काय धाड भरनी?" ती मोठ्याने म्हणाली. गाणं म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. "चांगली शे मी."

दिपमालाने तिचं मनगट धरलं. "आई, घे ना! मनासाठे नको करू असं." तिचा आवाज रडवेला नव्हता, रागाचा होता. आईच्या त्यागाचं ओझं तिला नको होतं.

"तुनासाठे नही," धुरपदाबाई म्हणाली. "मनासाठे. पुढे जा तुम्ही. लोके थांबी ऱ्हायनात."

ताट पुढे गेलं.

तो आठवडा त्या घरात कसा गेला ते भिंतींना विचारावं. पाळक दोनदा येऊन गेले. म्हणाले, मावशी, चक्कर आली होती एवढंच म्हणा, मी सांगतो सभेत. धुरपदाबाईने त्यांना चहा दिला आणि चक्कर आली नसल्याचं सांगितलं. वना आला, दारात उभा राहिला, त्याला कोणी बसा म्हणालं नाही म्हणून गेला. शनिवारी रात्री जेवताना रुपचंदच म्हणाला, "सांगी दे ना, डोकं दुखी ऱ्हायंतं. एक शब्दनी बात शे."

"तुम्ही सांगी द्या, नियम चुकना."

त्याने भाकरी मोडली. "नियम कसा चुकी?"

"मग वाचा नाव."

मंडळीत सगळ्यांची खात्री होती की तो वाचणार नाही. बायकोच ती शेवटी. काहीतरी सबब निघेल, पाळक मध्ये पडतील, गोष्ट मिटेल. पण लोक रुपचंदला ओळखत नव्हते, धुरपदाबाई ओळखत होती. ती त्या रविवारी आत गेलीच नाही, देवळाच्या पायरीवर बसली. उपासना संपत आली तसा रुपचंद उभा राहिला.

"धुरपदाबाई रुपचंद," तो म्हणाला.

मंडळीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावासकट घ्यायची रीत होती. स्वतःचं नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तो क्षणभर थांबला, एखाद्याने मागून हाक मारावी तसा. मग बाकीचं सगळं त्याने रीतीप्रमाणे म्हटलं. काही बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. धुरपदाबाई पायरीवर बसून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि त्या रागाखाली एक विलक्षण मोकळेपण होतं, जे तिने कोणाला सांगितलं नसतं.

लोक बाहेर पडले. कोणी तिच्याशी बोललं नाही, बोलायचं नसतंच. वना तर भिंतीला घासून गेला. सगळ्यात शेवटी रुपचंद आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला.

"आते समाधान व्हयनं?"

"व्हयनं."

"काय मियनं तुले?"

धुरपदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिला खरोखर विचारलेला हा पहिलाच प्रश्न असेल.

"जागा मियनी," ती म्हणाली. "मी मरसू तवय माले भीतभाईर गाडशात. नालाना आंगे. नियम तुमनाच शे. तठे मनी आंडेर यी. दोन्ही हाते माती टाकी. तिले कोनी आडावनार नही."

रुपचंदला हे सुचलंच नव्हतं. शास्त्राच्या कुठल्याही वादात न हरलेल्या त्या माणसाने वळून कबरस्तानाच्या दिशेला पाहिलं. निंबाखाली कोणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि गेली.

"आन मी?" त्याने विचारलं.

"तुम्ही पंच शेतस. तुम्हले भीतभाईर येता येत नही."

"मी तुनी जागा राखेल शे. आपला पोऱ्यानापाशी."

त्यांचा पहिला मुलगा महिन्याचा होऊन गेला होता. कबरस्तानात, भिंतीच्या आत, चिंचेखाली. त्याच्याविषयी घरात कोणी बोलत नसे. रुपचंदने शेजारची जागा सोडून ठेवलीय, हे तिला आजच कळत होतं. तिने पदराची किनार बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"त्यानापाशी तुम्ही ऱ्हा," ती शेवटी म्हणाली. "तोबी एकला नको. भीतभाईर आंडेरबी एकली नको. मी तिनापाशी ऱ्हासू."

ती उठली, गुडघ्याला हात देऊन, आणि बागेच्या वाटेला लागली. दुपारचं पाणी द्यायचं होतं. रुपचंद पायरीवर बसला आणि आपल्या चपला शोधू लागला. बाकीच्यांच्या चपला केव्हाच गेल्या होत्या. त्याच्या तेवढ्या समोर होत्या, तरी त्याला त्या बराच वेळ सापडल्या नाहीत.